हिरव्या लुगड्याचा तुकडा

फाटकावरच्या माणसाला लोक दोनच गोष्टी विचारतात. सिस्टर आहेत का, आणि माझी पोरगी कधी सोडता. एकतीस वर्षं मी या दोनच गोष्टींची उत्तरं देत होतो.

आमच्या शाळेला कुलूप लागून आता काही वर्षं झाली. सडक अर्जुनीहून आत गेलं की लागते. मुलींची शाळा, सिस्टर लोकांची, पाचवी ते दहावी, मागं वसतिगृह. ज्या मास्तरांनी या अंकासाठी लेख मागितला ते म्हणाले, शाळेचा इतिहास लिहा. तो मला माहीत नाही. शाळा कोणी बांधली ते दारावरच्या दगडात कोरलं आहे, दगड कुठं गेला नाही, ज्याला पाहिजे त्यानं जाऊन वाचावं. मला फाटक माहीत आहे. तेवढं लिहितो.

मी शिकलो दुसरीपर्यंत. पुढचं पोरींनी शिकवलं. फाटकाच्या आतल्या अंगाला माझी खोली होती, तिच्या पायरीवर बसून त्या माझ्या पाटीवरच्या चुका काढत. पाचवीतली पोरगी मला म्हणे, "दादा, तुमचा क पडून राहिला, त्याले उभा करा." मी तिच्या आज्याच्या वयाचा, पण करायचा उभा. सगळ्या मला दादाच म्हणत. आम्ही बौद्ध, सिस्टर ख्रिस्ती, पोरी सगळ्या प्रकारच्या. गोंडाच्या, पोवाराच्या, आमच्या, तेल्याच्या. ख्रिस्ती पोरी बोटावर मोजाव्या एवढ्या होत्या. प्रार्थना मात्र सगळ्या एका सुरात म्हणत, आणि भूक लागली की तो सूर अजून चढे.

पहाटे पाचला घंटा, मग बोरिंगवर रांग. शनिवारी दुपारी ओट्यावर एकीमागं एक अशी आगगाडी करून बसत आणि पुढचीच्या डोक्यातल्या उवा काढत. शेवटचीचं डोकं पाहायला कोणी नसे, म्हणून शेवटी बसायचं कोणी यावर दर शनिवारी भांडण. जूनमधल्या पहिल्या आठवड्यात रडण्याची साथ येई. एक रडली की चाळीस. बोदलकसाची एक बाई पोरीच्या पेटीत कपड्यांखाली सुकी मासोळी दडवून द्यायची. वसतिगृहाची मांजर चार दिवस त्या पेटीवरून उठली नाही, तवा सिस्टरला कळलं.

आता कामाची गोष्ट. बाहेरच्याला वाटते, फाटकवाल्याचं काम चोर अडवायचं. चोर काय नेणार होता आमच्याकडून, पाण्याचे डब्बे? खरं काम दुसरं. पोरगी नेणारा माणूस खरा कोण आहे, हे ओळखायचं. आईबाप रानातले, वर्षातून दोनदा येणार. मधीच कोणी काका येते, कोणी मामा येते, म्हणते घरी बिमारी आहे, पोरगी पाठवा. त्याचं खरं मानायचं का खोटं? आधी एक रजिस्टर होतं, त्यात नेणाऱ्याची सही घ्यायची. सही तर कोणीही करते.

मी लागलो त्याच्या तिसऱ्या वर्षी कमला नावाच्या नववीतल्या पोरीचा मामा आला. म्हणाला, गावात मंडईची जत्रा आहे, दोन दिवसांत आणून सोडतो. मी पोरीला बोलावलं. विचारलं, हा तुझा मामा काय? ती हसत म्हणाली, हो. मामा खराच होता. पोरगी उड्या मारत गेली. ती काही परत आली नाही. आठ दिवसांनी तिची मैत्रीण म्हणाली, कमलाचं लगन लागलं, दादा. वसतिगृहात तिची पेटी तशीच राह्यली.

तवापासून मी ठरवलं, पोरीला विचारायचं नाही. घरी जायला मिळते म्हटल्यावर पोरगी लांडग्यालाही मामा म्हणेल. आणि सहीही नाही. मी कपड्याचा नियम काढला. शाळेत नाव घालायला आई येते, तवा तिनं आपल्या जुन्या लुगड्याची एक पट्टी फाडायची आणि तिचे दोन तुकडे करायचे. एक माझ्याजवळ, पोरीच्या नंबराच्या खिळ्यावर. दुसरा आईजवळ. ज्याला ती तुकडा देईल त्यालाच पोरगी मिळेल. वाचता येवो न येवो, कपडा सगळ्यांना समजते. मोठ्या सिस्टर होत्या केरळच्या, त्यांनी दोन दिवस विचार केला आणि म्हणाल्या, "दादा, हे चांगला आहे."

वीस वर्षं तो नियम चालला. खोलीच्या भिंतीवर दीडशे खिळे आणि दीडशे रंगांच्या चिंध्या. एका म्हातारीनं आपला तुकडा चुकून गोधडीत शिवून टाकला. मग दर सुटीला ती अख्खी गोधडी डोक्यावर घेऊन नातीला न्यायला येई. मी म्हणायचो, "आजी, तेवढा तुकडा उसवून घे न." ती म्हणे, "अन् गोधडीले पडलेलं भोक कोन पांघरल, तू?" मी गोधडी पायरीवर पसरायचो, तुकडा जुळवायचो, घडी करून द्यायचो. पण नियम मोडला नाही. या गोष्टीचा मला अभिमान होता. आजही आहे, खोटं कायले बोलू.

शेवंता पाचवीत आली ती आईसोबत. आमच्याच जिल्ह्यातल्या प्रतापगडाकडचं गाव. आई जनाबाई, बारीक अंगाची, बोलायला धारदार. तिनं हिरव्या लुगड्याची लाल काठ असलेली पट्टी आणली आणि माझ्यासमोर दातानं फाडली. मला म्हणाली, "भाऊ, हिचा बाप नागपुराकडं इटाच्या भट्टीवर राहते. मानूस बरा आहे, पन भावाच्या आयकन्यातला आहे. पोरीले लवकर उजवाचं त्याहीच्या मनात आहे. हा तुकडा मी जवळच ठेवीन. तुकडा नसल तं तिच्या बापालेही पोरगी देऊ नका." मी म्हटलं, "नाही देत." तिनं आपला तुकडा तंबाखूच्या चंचीत घातला. तीन वर्षं तीच न्यायला यायची, तीच आणून सोडायची. बापाला मी कधी पाह्यलं नव्हतं.

शेवंता आठवीत असतानाचा पोळा झाला आणि दोनतीन दिवसांनी, सकाळी दहाच्या सुमाराला एक माणूस फाटकावर आला. उंच, वाकलेला, पायात टायरच्या चपला. आमचं फाटक पत्र्याचं, डोळ्याच्या उंचीला जाळीची खिडकी. मी खिडकीतून विचारलं, "कोन पाहिजे?"

"शेवंता. आठवीतली. मी तिचा बाप."

"बाप तं साऱ्याहीलेच असते. तुकडा?"

त्यानं कंबरेतून हिरवा तुकडा काढून खिडकीतून दिला. "घाई करा जी. तिच्या मायले गोंदियाच्या दवाखान्यात ठेवलं आहे. रातीपासून उजवा हात नाही, उजवा पाय नाही. पोरीचं नाव घेऊन राहिली."

मी खिळ्यावरून माझा तुकडा काढला. दोन्ही उजेडात धरले. माझा फिक्कट, वाळलेल्या शेवाळासारखा. त्याचा गर्द, काळपट हिरवा. मी पुन्हा पाह्यलं. मला वाटलं, कमलासारखंच होऊन राहिलं आहे. यानं बाजारातून हिरवा कपडा घेतला आणि फाडला.

"हा तिचा तुकडा नोहे," मी म्हटलं.

"नोहे कसा? तिनं सोताच्या हातानं काढून देल्ला. डाव्या."

"रंग पाहा न."

"मले रंगाचं का माहीत? तिच्या चंचीतला आहे. पोरीले बोलवा, थे सांगल मी कोन आहो."

"पोरीले नाही इचारत आमी."

"काऊन?"

"नियम आहे."

"कोनाचा?"

"माझा."

त्यानं जाळीत बोटं अडकवली. मग म्हणाला, "तुमच्या नियमाले माय आहे काय?" मी खिडकी लावली.

मोठ्या सिस्टर जीप घेऊन नागपूरला गेल्या होत्या. मागं तरुण सिस्टर ॲग्नेस होत्या, येऊन दोन महिने झालेल्या. मी जाऊन सांगितलं. त्यांनी दवाखान्यात फोन लावायला घेतला तर फोन मेलेला. पावसाळ्यात आमचा फोन आठवड्यातून तीन दिवस मरे. मोबाइल तवा असा खिशाखिशात नव्हता. त्या म्हणाल्या, "दादा, मुलीला एकदा बोलवूया का?"

"कमलाच्या वेळी बोलावलं होतं," मी म्हटलं.

कमलाची गोष्ट त्यांना माहीत होती, साऱ्यांनाच होती, मीच सांगत असे. त्यांनी फोन खाली ठेवला. मग म्हणाल्या, "गेट तुमचा आहे. तुम्ही बोलाल तसं." त्यांनी नुसतं दरडावलं असतं तर मी पोरगी दिली असती. पण त्या नव्या होत्या आणि मला भीत होत्या, आणि मला ते आवडत होतं. हे लिहायला बरं वाटत नाही.

अकरा वाजले. मी खिडकी उघडून पाह्यलं. तो कडुलिंबाखाली बसला होता. मला पाहून उठला. मी खिडकी लावली. आठवीचा वर्ग आवाराच्या पार दुसऱ्या टोकाला. तिथून पाठांतराचा आवाज येत होता. खरा असला तर? खोटा असला तर? खोटा माणूस इतका वेळ बसते काय? कमलाचा मामा तर पाच मिनिटांत गेला होता. मग वाटे, याला जास्त गरज असेल, म्हणून बसला आहे. मी दोन्ही तुकडे चारदा पाह्यले. चारही वेळा रंगच पाह्यला.

बारा वाजता मधली सुटी झाली. शेवंता बोरिंगवर पाणी प्यायला आली, पाठ माझ्याकडे. दोन वेण्या, एकीची रिबीन सुटलेली. मी ठरवलं, हाक मारावी. तोंडापर्यंत आली. तेवढ्यात बाहेरून त्यानंच हाक मारली, "शेवंता." मोठ्यानं, फाटक वाजवून. सुटीत दीडशे पोरींचा गलबला, तिच्यापर्यंत काही पोचलं नाही. मला राग आला. मी खिडकीतून म्हटलं, "बोंबलाल तं पोलीस पाटलाले बोलावीन." तो म्हणाला, "बोलवा. थो तरी आयकल." पाटील काही मी बोलावला नाही. बोलावला असता तरी बरं झालं असतं.

दोन वाजायला आले तवा माझी बायको यशोदा जेवणाचा डबा घेऊन आली. बाहेर त्या माणसाला पाहून आत येताच म्हणाली, "थो मानूस रडून कायले राहिला?"

"रडून राहिला?"

"तुमाले खिडकीतून दिसत नाही काय?"

मी तिला सांगितलं आणि दोन्ही तुकडे दाखवले. तिनं त्याचा तुकडा नाकाला लावला. मग माझा लावला. मग माझ्याकडे अशी पाहत राह्यली की मी डबा खाली ठेवला.

"हा तंबाखूत राह्यला तीन वर्स," ती म्हणाली. "अन् हा तुमी सोड्यात उकडला."

पंधरा ऑगस्टला बाहेरचे पाहुणे येणार होते. भिंतीवरच्या चिंध्या धुळीनं काळ्या झाल्या होत्या. शोभा नको जायला म्हणून मी चौदा तारखेला सगळे तुकडे काढले, चुलीवर मोठा गंज ठेवून पाण्यात सोडा घालून उकळले, तारेवर वाळवले आणि नंबरानं पुन्हा टांगले. सिस्टर ॲग्नेस म्हणाल्या होत्या, किती स्वच्छ दिसते. मी दिवसभर फुगलेलो होतो.

यशोदेनं दोन्ही तुकडे मांडीवर ठेवून फाटलेल्या कडा एकमेकींना लावल्या. लाल काठाचे चार धागे समोरच्या चार धाग्यांवर बरोबर येऊन टेकले. मधी जनाबाईच्या दाताची एक वाकडी खाच होती. तीही बसली. "कपडा रंगानं पाहतात काय?" ती म्हणाली. "एवढे वर्स का पाहत होते तुमी?"

मी आठवीच्या वर्गाकडे धावलो. त्या वयात धावायला येत नव्हतं, तरी. शेवंताला म्हटलं, "चाल, तुझा बाबा आला आहे." फाटक पूर्ण उघडायच्या आत ती फटीतून बाहेर गेली. त्यानं तिला पोटाशी धरलं. मी म्हटलं, "मीही येतो." तो पोरीला घेऊन चालू लागला. फाटक यशोदेच्या हाती दिलं आणि त्यांच्यामागं निघालो.

हायवेवर एक ट्रकवाला कोहमाऱ्यापर्यंत घेऊन गेला. तिथून बस. बसमधी शेवंता मधी बसली, तो खिडकीशी, मी पलीकडे. ती विचारे, "मायले का झालं, बाबा?" तो म्हणे, "पाहू न." ती विचारे, "बोलते न?" तो म्हणे, "सकाळी बोलत होती." मी प्रत्येक थांब्यावर कंडक्टरला म्हणत होतो, भाऊ, हालव गाडी. गोरेगावच्या पुढं रेल्वेचं फाटक लागलेलं. गाडी येईना. पंधरा मिनिटं झाली असतील. शेवंताचा बाप समोर पाहत म्हणाला, "हे फाटक तरी उघडल." अख्ख्या वाटेत मला तो तेवढंच बोलला, आणि तेही माझ्याकडे न पाहता.

दवाखान्यात पोचलो तवा सवापाच झाले होते. जनाबाई खाटेवर होती. डोळे उघडे होते. शेवंता धावत जाऊन तिच्या उशाशी बसली, "माय, मी आली." जनाबाईचे डोळे फिरले, तोंड हललं. आवाज आला, पण त्याचा शब्द होईना. शेवंतानं कान तिच्या तोंडाला लावला. पुन्हा तसाच आवाज. पोरगी म्हणाली, "हो माय, हो," पण तिला काही समजलं नव्हतं, ते तिच्या तोंडावर दिसत होतं.

शेजारच्या खाटेवर गोंदियाची एक बाई होती. तिनं मला, मी कोणी नातेवाईक समजून, सांगितलं, "अभी तक तो अच्छी बोलत होती. दरवाजा वाजला की विचारे, आली का माझी पोरगी? मला म्हणे, तिले एक गोष्ट सांगायची आहे. मैंने बोला, मला सांगा, मी सांगते. नाही म्हणे, तिलेच. फिर तीन-साडेतीन बजे और एक झटका आया. तवापासून असंच."

मी वॉर्डाच्या दारातच उभा राह्यलो. आत गेलो नाही. थोड्या वेळानं शेवंताचा बाप बाहेर आला आणि म्हणाला, "जा आता. तुमची बस निघून जाईल." शिवी दिली नाही. दिली असती तर मला घरापर्यंत पुरली असती.

मोठ्या सिस्टर नागपूरहून आल्यावर मी त्यांना सगळं सांगितलं, सोड्यापासून. त्या ऐकून म्हणाल्या, मी प्रार्थना करते. मला प्रार्थना नको होती, मला नोकरीवरून काढायला पाहिजे होतं. काढलं नाही. मी रोज फाटकावर बसायचो आणि आठवीच्या वर्गात रिकामी जागा आहे हे तिथून दिसत नसतानाही दिसत असे. मनात दोनच गोष्टी येत. जनाबाई जगते का. आणि पोरगी परत येते का, का आता चूल सांभाळायला घरीच राहील. दुसरं झालं तर तेही माझ्यामुळंच.

जनाबाई जगली. बोलणं मात्र आलं नाही. तिची बहीण येऊन तिच्याजवळ राह्यली, आणि तीन आठवड्यांनी तीच मावशी शेवंताला आणून सोडायला आली. जनाबाईचा तुकडा माझ्याजवळच राह्यला होता, तो मी मावशीला परत दिला. मावशी सिस्टरकडे गेली. शेवंता पेटी घेऊन माझ्या खोलीसमोर उभी राह्यली. मी म्हटलं, "कशी आहे माय?"

"आहे."

मला माफी मागायची होती. पोरीची माफी कशी मागतात ते मला माहीत नव्हतं. मी म्हटलं, "तुकडा जुळत नव्हता, बाई."

ती म्हणाली, "बाबाले मी ओळखलं असतं, दादा." तेवढंच, आणि पेटी उचलून आत गेली.

मी पुष्कळ दिवस त्यावर उत्तर शोधलं. कमला होती, जनाबाईचा शब्द होता, नियम होता. सगळं खरं होतं. तरी मी नियम बदलला. तुकडा राहीलच, पण आधी पोरगी फाटकावर येईल. नेणारा बाहेर, ती आत, मधी जाळी. मी दहा पावलं दूर जाऊन उभा राहीन. त्यांचं बोलणं झालं की मी तिला एकटीला विचारीन, हा कोण, आणि तुला जायचं आहे काय. मोठ्या सिस्टर म्हणाल्या, लहान मुलीला काय समजते, दादा, तुम्हीच तर सांगत होते. मी म्हटलं, सांगत होतो, आता नाही सांगत. दहा दिवस वाद झाला. मी हटलो नाही. हटायचं मला येतच नाही, या वेळी ते कामी आलं. पुढं एक पोरगी आपल्या सख्ख्या काकाला पाहून जाळीमागून म्हणाली, मले नाही जायचं, आणि मी त्याला तुकड्यासकट परत पाठवलं. शाळा बंद होईपर्यंत हाच नियम होता. शेवटी शेवटी पोरीच राह्यल्या नाहीत. पिवळ्या गाड्या गावागावातून त्यांना इंग्रजी शाळेत नेऊ लागल्या, सिस्टर लोकांना दुसरीकडे बोलावणं आलं, आणि विचारायला फाटकावर कोणी येईना.

पण मला सांगायचं आहे ते शेवंता आठवीत होती त्याच वर्षीच्या दिवाळीच्या सुटीचं. सकाळपासून आईबापांची गर्दी. दुपारी शेवंताचा बाप आला. त्याच टायरच्या चपला, तीच वाकलेली पाठ. मला पाहताच त्यानं हिरवा तुकडा पुढं केला. मी घेतला नाही. शेवंताला बोलावलं. ती पेटी घेऊन आली. मी दहा पावलं दूर जाऊन उभा राह्यलो. ते दोघं नुसते उभे होते. मग मी जवळ जाऊन विचारलं, "हा कोण आहे?"

ती म्हणाली, "तुमाले माहीत आहे न."

"मले माहीत आहे. तू सांग."

मागं रांग लागली होती, लोक घाई करत होते. ती खाली पाहत राह्यली. मला वाटलं, ही सांगणार नाही. मला उभं ठेवील, जसं मी तिच्या बापाला ठेवलं. ठेवू दे, मी म्हटलं मनात. मी थांबलो.

"माझा बाबा," ती म्हणाली.

"जायचं आहे?"

"हो."

मी फाटक उघडलं. त्यानं तिची पेटी खांद्यावर घेतली. ती माझ्याकडे न पाहता गेली, आणि मी पुढच्या पोरीचा नंबर पुकारला.